मूर्तीचा उजवा हात कोणता? : वेरूळच्या शिल्पवर्णनांतील दिग्वाचक शब्दांचा विचार

वेरूळच्या लेण्यांविषयीं गेल्या दोन शतकांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तीं वर्णनें एकमेकांशीं ताडून पाहणाऱ्या अभ्यासकास एक अडचण वारंवार भेटते. एका टिपणांत मूर्तीच्या उजव्या हातीं म्हणून सांगितलेलें आयुध दुसऱ्या टिपणांत डाव्या हातीं जातें. मूर्ति तीच, लेणें तेंच, दोघेही लेखक डोळस व प्रामाणिक. तथापि विधानें परस्परविरुद्ध. कारण शोधूं जातां असें दिसतें कीं, एक लेखक मूर्तीच्या जागीं स्वतःस कल्पून बोलत आहे व दुसरा मूर्तीसमोर उभा राहून बोलत आहे. आणि आपण कोठें उभे आहों हें दोघांपैकीं कोणीच सांगितलेलें नाहीं. मूर्ति शाबूत आहे तोंवर हा वाद प्रत्यक्ष जाऊन मिटवितां येतो. परंतु वेरूळच्या कित्येक मूर्तींचे हात आज कोपरापासून तुटलेले आहेत, कित्येकांचीं आयुधें झिजून दगडाशीं एकरूप झालीं आहेत. अशा ठिकाणीं जुनें टिपण हाच एकमेव साक्षीदार उरतो, आणि ज्या साक्षीचे दोन उलट अर्थ होतात ती साक्ष असून नसल्यासारखीच होय. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

हीच अडचण शारीरशास्त्रापुढें फार पूर्वीं उभी राहिली आणि त्या शास्त्रानें ती कायमची सोडविली. ती कशी, हें आधीं पाहूं.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेंत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालापासून आहे. जगांतील कोणत्याही अशा महाविद्यालयांत नवख्या विद्यार्थ्यास प्रथम एक गोष्ट पाठ करावी लागते ती ही कीं, समोरचें शरीर मेजावर उताणें असो, पालथें असो वा कुशीवर असो, त्याचें वर्णन तें एका ठराविक रीतीनें उभें आहे असें मानूनच करावयाचें. ती रीति अशी : मनुष्य ताठ उभा, दृष्टि समोर, पाय जुळलेले, हात दोहों अंगांस लोंबते सोडलेले आणि तळवे पुढें वळविलेले. हिला आपण प्रमाणस्थिति म्हणूं. या स्थितींत डोक्याकडचें तें ऊर्ध्व, पायांकडचें तें अधः. छातीकडचें तें अग्र, पाठीकडचें तें पश्च. नाकाच्या शेंड्यापासून बेंबीवरून खालीं एक उभी रेषा कल्पिली तर तिच्या जवळचें तें मध्यवर्ती व तिच्यापासून दूरचें तें पार्श्वीय. हातापायांच्या बाबतींत मुळाकडचें म्हणजे खांद्याकडचें वा कमरेकडचें तें समीपस्थ, बोटांकडचें तें दूरस्थ. कातडीलगतचें तें उत्तान, खोल असलेलें तें गंभीर. आणि उजवा-डावा म्हणजे नेहमीं त्या शरीराचा स्वतःचा उजवा-डावा. पाहणाऱ्याचा कधींही नव्हे.

या संज्ञांना एकरूपता येण्यास वेळ लागला. १८९५ सालीं बासेल येथें शारीरज्ञांच्या परिषदेनें सुमारें पांच हजार लॅटिन संज्ञांची यादी मान्य केली. १९३५ सालीं येना येथें तिच्यांत फेरफार करून माणसास व चतुष्पाद जनावरांस सारख्याच लागू पडतील अशा संज्ञा घालण्याचा प्रयत्न झाला. १९५५ सालीं पॅरिस येथें तो बहुतांशीं सोडून देण्यांत आला. हा येनाचा प्रयत्न फसला असला तरी त्यामागील अडचण खरी होती, आणि ती कैलासाच्या जोत्यावरील हत्तींकडे पाहिलें कीं तत्काळ ध्यानांत येते. हत्तीचा पुढचा भाग म्हणजे डोकें. माणसाचा पुढचा भाग म्हणजे छाती. हत्तीची पाठ आकाशाकडे. माणसाची पाठ मागें. तेव्हां 'पुढचा' हा शब्द दोघांना सारखा लावला तर शरीराचे भिन्न भाग दाखविले जातात. संस्कृत भाषेनेंही ही कसरत केलेली आहे. कालिदासानें पूर्वकाय हा शब्द शाकुंतलांत धांवत्या हरिणाला लावला आहे व कुमारसंभवांत ध्यानस्थ शिवालाही लावला आहे. हरिणाच्या बाबतींत त्याचा अर्थ शरीराचा पुढील भाग असा होतो, शिवाच्या बाबतींत शरीराचा वरील भाग. कवीस हें चालतें. शिल्पाचें मोजमाप घेणाऱ्यास चालत नाहीं.

आतां वेरूळकडे वळूं. आपल्या पूर्वजांनीं दिशांचीं नांवें शरीरावरूनच ठेविलीं. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहिलेला मनुष्य हें त्यांचें प्रमाण. त्याच्या पुढची दिशा ती पूर्वा, मागची ती पश्चिमा, उजव्या हाताची ती दक्षिणा. डाव्या हातास उत्तर दिशा येते. म्हणून दक्षिण या एकाच शब्दाचे उजवा व दक्षिणेकडचा असे दोन अर्थ झाले, आणि जोंवर मनुष्य पूर्वाभिमुख उभा आहे तोंवर ते एकमेकांशीं भांडत नाहींत. पण वेरूळचा डोंगर पश्चिमेस तोंड करून आहे. चौतीस प्रमुख लेणीं त्याच्या पश्चिम उतारावर दक्षिणोत्तर ओळीनें कोरलेलीं आहेत, त्यांचे क्रमांकही दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत, आणि कैलास लेण्याचा दरवाजाही पश्चिमेसच आहे. साहजिकच गाभाऱ्यांत समोर बसलेल्या मूर्ति बहुधा पश्चिमाभिमुख आहेत. पश्चिमेस तोंड केलेल्या मूर्तीचा दक्षिण हस्त, म्हणजे उजवा हात, उत्तर दिशेस असतो!

उलट, लेण्यांत शिरणारा दर्शनार्थी पूर्वेस तोंड करून उभा असतो. ज्या स्थितींतून हे शब्द जन्मले तीच ही स्थिति. त्याचा उजवा हात दक्षिणेस, डावा उत्तरेस; त्याच्यापुरते दक्षिण शब्दाचे दोन्ही अर्थ जुळलेले. म्हणून तो नि:शंकपणें 'मूर्तीच्या दक्षिणेकडील हातांत' असें लिहून जातो आणि वाचणारा त्याचा अर्थ 'मूर्तीच्या दक्षिण हस्तांत' असा करतो. दोघांचाही संस्कृताचा अभ्यास निर्दोष, आणि आयुध मात्र या हातांतून त्या हातांत गेलेलें. आम्हांस वाटतें, वेरूळविषयक वर्णनांत जो घोटाळा दिसतो त्याचें मूळ पुष्कळ अंशीं या एका शब्दांत आहे. अन्यत्र, पूर्वाभिमुख देवळांत, तो इतका जाचत नाहीं. कारण तेथें निदान मूर्तीचे दोन अर्थ तरी एकत्र नांदतात.

कोणी म्हणेल कीं, मग उजवा-डावा हे शब्द टाकून नुसत्या होकायंत्राच्या दिशा सांगाव्या. लेण्याच्या भिंती, दालनें, खांब यांना हें उत्तम लागू पडतें व आम्हीही तेंच करतों. परंतु शरीराला तें लागू पडत नाहीं. कैलासाच्या दक्षिण अंगास रावणानुग्रहाचें प्रसिद्ध शिल्प आहे; तें दक्षिणाभिमुख असल्यामुळें तेथील समोर पाहणाऱ्या आकृतीचा उजवा हात पश्चिमेस येतो. तीच आकृति गाभाऱ्यांत असती तर तो उत्तरेस आला असता. म्हणजे भिंत बदलली कीं हाताचें नांव बदललें! अजिंठ्यास तर याहून कठीण. तेथें वाघोरा नदीच्या वळणाबरोबर लेण्यांची रांग घोड्याच्या नालासारखी वळत गेली आहे व लेण्यागणिक तोंडाची दिशा बदलते. दिशा स्थळाच्या, उजवा-डावा शरीराचे. हा भेद सांभाळला पाहिजे. (दक्षिणामूर्ति या शिवाच्या नांवांत दक्षिण हा शब्द दिशावाचक आहे असें सामान्यतः मानतात, उजवा या अर्थीं नव्हे, हेंही जातां जातां ध्यानांत ठेवावें.)

दक्षिण शब्दाची ही गत, तर सव्य शब्दाची त्याहून चमत्कारिक. संस्कृतांत सव्य म्हणजे मुळांत डावा. डाव्या हातानेंही बाण सोडणारा म्हणून अर्जुन सव्यसाची. पण मराठींत सव्य प्रदक्षिणा म्हणजे देव आपल्या उजव्या हातास ठेवून घातलेली प्रदक्षिणा, आणि अपसव्य म्हणजे तिच्या उलट. डाव्याचा उजवा झाला कसा? आमचा तर्क असा कीं, याचें मूळ जानव्यांत असावें. जानवें नेहमीं डाव्या खांद्यावर असतें, तें सव्य. श्राद्धादि पितृकर्मांत उजव्या खांद्यावर घेतात, तें अपसव्य. डाव्या खांद्यावरचें जानवें ही नित्याची व मंगल स्थिति असल्यामुळें सव्य म्हणजे सरळ, रीतीप्रमाणें, असा अर्थ लोकांच्या मनांत बसला. आणि सरळ तें उजवें हें तर आपल्या भाषेचें जुनेंच समीकरण आहे, कारण उजवा हा शब्द ऋजु या शब्दापासून निघाला आहे. कांहीं असो, शिल्पवर्णनांत सव्य-अपसव्य हे शब्द वापरूं नयेत हें बरें. संस्कृतज्ञ त्यांचा एक अर्थ घेईल, गुरुजी दुसरा.

व्यवहारांत ही अडचण आपणांस का जाणवत नाहीं? गाडीवान व बैल एकाच दिशेस तोंड करून चालतात. उजवा बैल गाडीवानाच्याही उजव्या हातास असतो. घोटाळा उत्पन्न होतो तो समोरासमोर आल्यावर. आणि देवदर्शन, रोगपरीक्षा व मूर्तिशास्त्र या तिन्ही गोष्टी समोरासमोरच्याच आहेत. त्यांतील देवदर्शनाच्या परंपरेनें हा प्रश्न निःसंदिग्धपणें सोडविलेला आहे : उजवा-डावा देवाचा, भक्ताचा नव्हे. सिद्धटेकचा गणपति अष्टविनायकांत एकटाच उजव्या सोंडेचा, तो गणपतीच्या उजव्या बाजूनें. विठ्ठलाच्या वामांगास रखुमाई, ती विठ्ठलाच्या डाव्या अंगास. घारापुरीच्या अर्धनारीश्वरांत स्त्रीचा अर्धभाग शिवाच्या डाव्या बाजूस आहे, आणि पत्नीस वामांगी म्हणण्याची आपली चाल त्याच कल्पनेंतली.

येथें चूक झाली असतां काय होतें याचें उदाहरण त्याच घारापुरीस आहे. तेथील शिवपार्वतीविवाहाच्या शिल्पांत पार्वती शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे. विवाहविधि पुरा होईपर्यंत वधूची जागा वराच्या उजवीकडे. नंतर ती डावीकडे येते. म्हणजे शिल्पकारानें विवाहाचा नेमका क्षण पार्वतीच्या उभें राहण्याच्या जागेनेंच सांगितला आहे. वर्णनकारानें आपल्या डोळ्यांनीं पाहून 'पार्वती डावीकडे' असें लिहिलें कीं तो क्षण नाहींसा झाला, वधूची पत्नी झाली. वेरूळच्या रामेश्वर लेण्यांतही विवाहाचा शिल्पपट आहे. तो वर्णिणाऱ्यानें हें विसरूं नये.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीची गोष्ट अशीच. गर्भगृहाकडे तोंड करून उभें राहिलें असतां तो दाराच्या डावीकडे दिसतो, व पुष्कळ मार्गदर्शक पुस्तकांत त्याची जागा तशीच दिलेली असते. पण आंत बसलेल्या बुद्धाच्या हिशेबानें तो उजव्या बाजूचा पार्श्वचर आहे. दोन्ही विधानें खरीं. मात्र भिंतीचें वर्णन चाललें आहे कीं परिवाराचें, हें सांगितलें पाहिजे. त्यानें कमळ धरलें आहे तें स्वतःच्या उजव्या हातांत, याविषयीं मात्र दुसरी भाषा संभवतच नाहीं.

वैद्यकाकडे पाहिलें तर सुश्रुतसंहितेची परंपरा हीच आहे. हृदयाच्या खालीं वामेस प्लीहा व फुप्फुस आणि दक्षिणेस यकृत् व क्लोम असें सुश्रुत सांगतो. फुप्फुस व क्लोम या शब्दांचा अर्थ काय घ्यावा हा वाद येथें नको. पण यकृत् उजवीकडे व प्लीहा डावीकडे हें आजही खरें आहे, आणि खरें आहे तें शरीराच्या स्वतःच्या उजव्या-डाव्यानें. पाहणाऱ्याचा उजवा धरला तर यकृताची जागाच बदलेल. सुश्रुताच्या धमनींच्या वर्गीकरणांतही दहा ऊर्ध्वगामी, दहा अधोगामी व चार तिर्यग्गामी अशी चोवीस धमनींची विभागणी आहे. तेथें ऊर्ध्व म्हणजे डोक्याकडे, आकाशाकडे नव्हे. मर्मांच्या प्रकरणांत याहून सूक्ष्म गोष्ट आहे. एकशें सात मर्मांपैकीं चव्वेचाळीस हातापायांत. सुश्रुत प्रथम एका पायाचीं अकरा मर्में तळपायापासून वर मांडीपर्यंत सांगतो व मग यावरूनच दुसरा पाय व दोन्ही हात समजावे असें म्हणतो. म्हणजे हाताच्या बाबतींतही 'वर' याचा अर्थ खांद्याकडे असा होतो, मग हात उंचावलेला असो कीं खालीं सोडलेला. आजचा समीपस्थ हा शब्द जें काम करतो तेंच काम येथें 'वर' या साध्या शब्दाकडून करून घेतलें आहे. वेरूळच्या नृत्यमूर्तींत हात डोक्यावर गेलेला असतो. तेथें 'कोपराच्या वरचें कडें' असें लिहिल्यास तें दंडावर कीं मनगटाकडे, हें वाचकास कळणार नाहीं. सुश्रुताच्या अर्थानें तें दंडावरचें. पण आज तसा अर्थ सर्वजण घेतील याचा भरंवसा नाहीं. तेव्हां दंडावरील, मनगटावरील असे अवयवाचे शब्दच वापरणें श्रेयस्कर.

प्रमाणस्थितींत तळवे पुढें का वळवावयाचे, असा प्रश्न वाचकाच्या मनांत आला असेल, कारण माणूस सहज उभा राहिला असतां त्याचे तळवे मांड्यांकडे असतात. उत्तर अंगठ्यांत आहे. उजवा हात खालीं सोडून तळवा पुढें करा. अंगठा शरीरापासून दूर, बाहेरच्या बाजूस येतो. ही वरदमुद्रा. आतां तोच हात कोपरांतून वर उचला व तळवा पुढेंच ठेवा. अंगठा शरीराच्या मध्यरेषेकडे येतो. ही अभयमुद्रा. पुन्हां हात खालीं सोडून मागची बाजू पुढें करा, जशी भूमिस्पर्श करणाऱ्या बुद्धाची असते. अंगठा पुन्हां आंतल्या बाजूस. हात एकच, आणि त्याच्या अंगठ्याची बाजू मुद्रेगणिक पालटली. शारीरज्ञ म्हणतो, हात कसाही फिरवा, अंगठ्याची कड ती पार्श्वीय व करंगळीची कड ती मध्यवर्ती, कारण प्रमाणस्थितींत तीं तशीं असतात. म्हणजे शारीरशास्त्रानें जो हात प्रमाण मानला तो मूर्तिशास्त्रांतील वरदहस्तच होय. हा योगायोग आहे, एकमेकांपासून घेतलेली गोष्ट नव्हे. पण लक्षांत ठेवण्यास सोयीचा आहे.

प्रमाणस्थितीच्या अगदीं जवळ जाणारी दुसरी मूर्ति पाहावयाची असेल तर वेरूळच्या उत्तर टोंकाच्या जैन लेण्यांत, इंद्रसभेंत, जावें. तेथें बाहुबली कायोत्सर्गांत उभा आहे : ताठ देह, समोर मुख, लोंबते हात, अंगावर चढलेल्या वेली. तळव्यांचा फरक सोडला तर शारीरशास्त्राच्या पुस्तकांतील पहिलें चित्र तेंच. तेथीलच दुसरी मूर्ति पार्श्वनाथाची. ज्याच्या नांवांत पार्श्व म्हणजे कूस, आणि ज्याच्या मातेचें नांव वामा, त्या तीर्थंकराच्या मूर्तीसमोर दिग्वाचक शब्दांचा विचार करतांना मौज वाटते. गर्भवती असतां मातेनें आपल्या कुशीजवळून जाणारा सर्प पाहिला म्हणून हें नांव, अशी जैन परंपरा आहे. अर्थात् वामा या नांवांत डावेपणाचा संबंध नाहीं. तेथें अर्थ सुंदरी असा आहे.

उजव्या-डाव्याच्या घोटाळ्यानें मूर्तीचें नांवच कसें बदलतें हें पाहावयाचें असेल तर विष्णूच्या चोवीस मूर्ति घ्याव्या. संध्येंत जीं केशवादि चोवीस नांवें घेतात तींच हीं. या सर्व मूर्ति चतुर्भुज, सर्वांच्या हातीं शंख, चक्र, गदा, पद्म हींच चार. फरक केवळ कोणतें आयुध कोणत्या हातीं एवढाच. चार वस्तु चार हातांत चोवीस प्रकारें ठेवतां येतात, म्हणून मूर्तीही चोवीस. रूपमंडनासारख्या ग्रंथांत हीं लक्षणें मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून क्रमानें मोजलेलीं आहेत : खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. ग्रंथाग्रंथांत थोडा पाठभेद आहे. प्रचलित परंपरेप्रमाणें केशवाच्या हातीं या क्रमानें पद्म, शंख, चक्र, गदा येतात. आतां कोणी समोरून पाहून स्वतःचा उजवा हात धरून ही मूर्ति टिपली, तर टिपणांत गदा, चक्र, शंख, पद्म असा क्रम उतरेल. आणि हें लक्षण माधवाचें आहे. केशवाचा माधव झाला! याच न्यायानें नारायणाचा गोविंद होतो. चारही आयुधें निराळीं असल्यामुळें कोणतीही मूर्ति अशा उलटापालटींतून जशीच्या तशी सुटत नाहीं; चोवीस नांवांच्या बारा जोड्या पडतात व प्रत्येक जोडींतील एक नांव चुकून दुसऱ्यास मिळतें. विशेष हें कीं, अशा चुकीच्या टिपणांत विसंगति कांहींच दिसत नाहीं. जी मूर्ति वर्णिली ती शास्त्रोक्तच असते, फक्त ती तेथें नसते.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रूपमंडन हा पंधराव्या शतकांतील ग्रंथ. वेरूळचीं ब्राह्मणी लेणीं त्याच्या कित्येक शतकें आधींचीं. कैलास राष्ट्रकूट पहिला कृष्ण याच्या काळचा, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धांतला मानतात. म्हणून दशावतार लेण्यांतील विष्णूंना चोवीस नांवांची मोजपट्टी जशीच्या तशी लावणें आम्हांस मान्य नाहीं. तिचें खरें क्षेत्र मागाहूनच्या, विशेषतः यादवकालीन सुट्या मूर्तींचें. त्या मराठवाड्यांत गांवोगांव देवळांच्या आवारांत, पारांवर, विहिरींच्या कांठीं आढळतात. कित्येकींचे हात भंगलेले असतात, कित्येक चोरीस जातात. त्यांच्या बाबतींत चार ओळींचें अचूक टिपण फार मोलाचें ठरतें.

छायाचित्रें आलीं, आतां शब्दांची काय पर्वा, असें समजूं नये. कांचेची वा फितीची उलटी बाजू धरून ठसा काढला तर सबंध मूर्ति आरशांतल्यासारखी उलटते, आणि असे ठसे पुस्तकांत छापले जातात. संगणकावर तर एका बोटाच्या दाबानें हें होतें. असा ठसा ओळखण्याच्या कांहीं खुणा शरीरावरच आहेत. यज्ञोपवीत डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे उतरतें. तें उलट दिसलें तर प्रथम ठशाचा संशय घ्यावा, मूर्तिकाराचा मागाहून. बुद्धाचा एकच खांदा उघडा असेल तर तो उजवा. भूमिस्पर्श करणारा हातही उजवाच. वैद्यकांत याची जोडी आहे. क्ष-किरणाचें चित्र रोगी समोर उभा आहे अशा रीतीनें धरतात व त्यावर बाजूची खूण असते. हृदयाचें टोंक उजवीकडे दिसलें तर चित्र उलटें धरलें कीं रोग्याचें हृदयच खरोखर उजवीकडे आहे, हें त्या खुणेवांचून सांगतां येत नाहीं. असें उजवें हृदय विरळा असतें, पण असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं जी तपासणीची यादी प्रसिद्ध केली तींत शस्त्र लावण्यापूर्वीं शरीराच्या योग्य जागीं व बाजूस खूण केली आहे का, हा प्रश्न घातलेला आहे. निष्णात हातांनाही या खुणेची गरज लागते, मग आपणां टिपणकारांची काय कथा!

पाठमोऱ्या आकृतीबद्दल एक शब्द. समोरून पाहतां पाहणाऱ्याचा उजवा तो आकृतीचा डावा. पण आकृति पाठमोरी असेल तर दोघांचे उजवे एकाच बाजूस येतात. ज्यानें सर्व वर्णन पाहणाऱ्याच्या उजव्यानें केलें आहे त्याचीं विधानें केवळ उलटीं करून वापरूं म्हटलें, तर अशा आकृतीपाशीं नेमका घात होतो. म्हणून जुनीं टिपणें सरसकट उलटवूं नयेत. प्रत्येक शिल्पापाशीं लेखक कोठें उभा होता हें जानवें, उघडा खांदा, अर्धनारीचें अंग अशा स्थिर खुणांवरून आधीं ठरवावें.

सर्वांत अवघड प्रकार निजलेल्या मूर्तीचा, आणि त्याचा उत्तम नमुना अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत आहे. आंत शिरतांच डाव्या हाताच्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचें सुमारें सात मीटर लांबीचें शिल्प आहे. येथें 'वरचा हात', 'खालचा हात' असें लिहिणाऱ्याचें म्हणणें भिंतीच्या दृष्टीनें घ्यावें कीं शरीराच्या, हें कळत नाहीं. आमच्या मतें वर्णन असें असावें. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे, मुख पाहणाऱ्याकडे. शरीराचें ऊर्ध्व टोंक, म्हणजे डोकें, पाहणाऱ्याच्या डाव्या हातास व लेण्याच्या दाराकडे. पाय लेण्याच्या आंतल्या अंगास. उजवा हात डोक्याखालीं. डावा हात शरीराच्या डाव्या कडेवरून मांडीकडे पसरलेला, आणि डावी कड येथें आकाशाकडे आहे. शिल्पपटांत बुद्धाच्या वरच्या भागीं देवगण, म्हणजे शरीराच्या डाव्या बाजूस; शय्येच्या खालीं शोक करणारे भिक्षु, म्हणजे शरीराच्या उजव्या बाजूस.